उद्या होऊन गेला

१

विनिताबाईंचे डबे मुके झाल्याचं त्यांच्या लेकीला कळलं, तेव्हा ती भिवंडीला एका जळालेल्या गोदामाच्या दारात उभी होती.

संचिता गोडांबे विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायची. जळालेलं कापड, भिजलेली साखर, चोरीला गेलेलं आणि चोरीला गेलं म्हणून सांगितलेलं. हे वर्षानुवर्षं केल्यावर माणसाला दोन गोष्टी कळतात. वस्तू सहसा खोटं बोलत नाहीत; आणि माणसं बोलतात ती बहुतेक वेळा भलत्याच कारणासाठी. आताशा या शहाणपणाचाही तिला कंटाळा आला होता. जूनमध्ये आई गेली, तेव्हापासून सकाळी उठून दात घासण्याचासुद्धा कंटाळा यायचा.

"संचिता, लगेच ये," फोनवर लिओनार्ड अंकल म्हणाले. "सगळे डबे गेले."

"चोरीला?"

"नाय गं. जागेवर हायेत. आतलं गेलं. एक पण बोलत नाय."

ती तशीच, राख लागलेल्या बुटांनी, रिक्षाने ठाण्याला, माजिवड्याच्या हॉलवर निघाली.

विनिताबाईंनी डोंबिवलीच्या एका संस्थेत मुलांना कंप्युटर शिकवण्यात हयात घालवली आणि निवृत्तीनंतर, नातेवाइकांच्या भाषेत, त्यांना कलेचं खूळ लागलं. त्या खुळाचं नाव 'वाण'. ओळखीपाळखीच्या बायकांकडून त्यांनी हळदीकुंकवाला मिळालेले स्टीलचे डबे गोळा केले, वर्षात जितके दिवस तितके. प्रत्येकावर देणारीचं नाव कोरलेलं. प्रत्येकात एक चिमुकलं सर्किट, एक स्पीकर, आणि विनिताबाईंच्या आवाजात एक वाक्य. झाकणावर गव्हाएवढा दिवा. रोज चहाच्या वेळेला, म्हणजे चारला, एक डबा आपलं वाक्य बोलायचा, मग ते स्वतःच पुसून टाकायचा आणि दिवा विझायचा. कायमचा. हा सगळा कारभार दाराजवळच्या मोठ्या गव्हाच्या डब्यातला एक बोर्ड सांभाळत असे आणि त्यातला प्रोग्रॅम बाईंनी स्वतः लिहिला होता.

"वाण साठवायचं नसतं, लुटायचं असतं," त्या म्हणायच्या.

लिओनार्ड अंकलच्या लग्नाच्या हॉलला लागून एक लांबट खोली आहे. अंकलचा भाचा नेविल हा बाईंचा जुना विद्यार्थी. त्या ओळखीवर खोली मिळाली. बाई गेल्या, तरी ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात, गणपतीच्या आधी, 'वाण' सुरू झालं. संचिता पहिल्या दिवशी आली आणि परत फिरकली नाही. तिला एकच डबा ऐकायचा होता, सर्वांत शेवटचा. तो वरच्या फळीवर कोपऱ्यात होता, लहानसा, रव्याचा. त्यावर कोरलं होतं: 'चि. संचिता हिच्या बारशानिमित्त, मालनमावशीकडून.' त्यात आईने काय बोलून ठेवलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि आईचा दुसरा आवाज कुठे नव्हताच. जन्मभर कंप्युटर शिकवलेल्या या बाईने कधी कुणाला व्हॉइस मेसेज पाठवला नाही. "साठवलेलं कुणी ऐकत नाही गं," म्हणायची. एका लग्नाच्या व्हिडिओत तिचे ओठ हलताना दिसतात, पण वर बँड वाजतोय.

संचिता खोलीत शिरली. फळ्यांवर डबे होते तसे ओळीत. सगळे दिवे विझलेले. तिने कोपऱ्यातला डबा खाली काढला, हलवला, कानाला लावला. शेजारच्या हॉलमध्ये कुणी खुर्च्या सरकवत होतं, तेवढंच ऐकू आलं.

डबा जागेवर ठेवून ती दाराकडे वळली. गव्हाच्या डब्यावरचा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत होता. बोर्ड जिवंत होता. कुलूप शाबूत होतं, वायर जागच्या जागी होती. फक्त झाकणावर, अगदी मधोमध, एक पांढरा थेंब सुकून बसला होता.

तिने तो नखाने खरवडला. मेण होतं.

२

"मेण?" अंकल म्हणाले. "माझ्या हॉलमध्ये मेणबत्तीला बंदी हाय. मंडपाचं कापड असतं. विचार कुणाला पण."

त्यांची बायको थेल्मा चहा घेऊन आली होती. तिने ट्रे ठेवला आणि पाठ वळवून पडदा सारखा केला.

"रूममध्ये कोण कोण येतं, अंकल?"

"चावी माझ्याकडे. एक नेविलकडे. चारला पाचसहा लोक येतात ऐकायला, कधी एक पण नाय. परवा तर मी चर्चमध्ये होतो, इथे कोणच नव्हतं. काल सकाळी उघडलं तर हे असं. नेविलला सांगितलं, दिवसभर वाट बघितली." त्यांनी आवाज खाली आणला. "माझा भाचा हाय म्हणून सांगतो, मला त्याचाच डाउट हाय. तो गेल्या हप्त्यात येऊन लॅपटॉप लावून बसलेला. मी विचारलं तर म्हणतो, चेकिंग. आणि आता तू फोन लावलास तर उचलत नाय. पोलीस कम्प्लेंट करू या?"

"तुमचा स्वतःचा भाचा?"

"भाचा हाय म्हणून तर घाई. दुसरा असता तर विचार केला असता."

संचिताला हसू यायला हवं होतं. तिने चहाचा घोट घेतला. "आणि तुम्ही, अंकल? डिसेंबरात लग्नं आहेत. ही खोली तुम्हाला नवरीच्या तयारीला हवी होती. दसऱ्याआधी फोनवर मला तसं बोललेला होतात."

अंकलचा चेहरा पडला. "बोललेलो. तू नाय म्हणालीस, मी गप बसलो. अगं, मला हे बंद करायचं असतं तर मी त्याला एवढं जपलं असतं? पहिल्याच आठवड्यात इथे लाइट लपलप करत होती. नेविल घाबरला. मी म्हटलं, विनिता मॅडमच्या वस्तूला माझ्या घरात त्रास नको. गणपतीच्या दिवशी संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला मोदकावरून उठवून आणला आणि या रूमला वेगळा इन्व्हर्टर लावून घेतला. तेवढ्यापुरतं एकदा बंद केलेलं. त्यानंतर एक सेकंद, एक सेकंद नाय पडलं बंद. जा, बघ."

ती जाऊन पाहून आली. इन्व्हर्टर नवा कोरा होता आणि त्याचा हिरवा दिवा जळत होता. ही गोष्ट खरी होती.

"अजून एक सांगू का?" अंकल म्हणाले. "राग नको धरू. तुझी मावशी. दसरा झाल्यावर आलेली. सगळे डब्यांवरची नावं वाचत होते, आणि ही तिकडे कोपऱ्यात. माझं लक्ष गेलं तर तिच्या हातात मेन वायर."

३

मालनमावशी डोंबिवलीत, विनिताबाईंच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. संचिता गेली तेव्हा ती मेथी निवडत होती.

"आलीस? जेवायला की आरोप करायला?"

"दोन्ही."

"मग आधी जेव. आरोप गार झाला तरी चालतो."

संचिता जेवली. मावशीने ताकाचं भांडं पुढे सरकवलं आणि मग स्वतःच म्हणाली, "घातलेला मी वायरला हात. त्या लिओनार्डने सांगितलं ना? सांगू दे. मी कुठे नाही म्हणते?"

"का पण?"

"अगं, तेरावं झालं, सगळं रीतसर झालं. आणि हिचा आवाज मात्र डब्यात कोंडून रोज चारला एकेक घास बाहेर काढायचा! हे काय? मला नाही बघवलं. म्हटलं, उपटते वायर, मोकळी होऊ दे बिचारी."

"उपटलीस?"

"उपटणार होते. तेवढ्यात त्या दिवशीचा डबा बोलला." मावशीने पदराने ओठ पुसले. "म्हणे, 'मालन, तुझ्या पोळ्यांना तोड नाही, पण कटाची आमटी पाणचट होते.' सगळ्या लोकांसमोर! तिकडे एक बाई हसली. माझा हात होता तिथेच राहिला. मेल्यावरसुद्धा ही मला स्वयंपाक शिकवणार! म्हटलं, राहू दे. ही काही कोंडलेली नाही, चांगली ऐसपैस आहे."

ती हसायला लागली आणि मग हसणं थांबवायला तिला बराच वेळ लागला. संचिताने ताटं उचलून मोरीत नेली.

"जिवंत असताना तरी कुठे धड बोलायची?" मावशी मागून म्हणाली. "एकाच बिल्डिंगमध्ये राहून फोन करायची, तोसुद्धा आठवड्यातून एकदा, लाइट गेली की. एरवी आपली त्या मशिनींत डोकं घालून. आम्ही काय, मेणबत्तीच्या जागी."

संचिता पाण्याखाली ताट धरून उभी राहिली. तिलाही आईचा फोन तेव्हाच यायचा. ती तेव्हा कुठेतरी गोदामात, कुठेतरी टेम्पोच्या आवाजात असायची. 'हां आई, बोल पटकन,' हे तिचं ठरलेलं वाक्य.

"मेणबत्तीवरून आठवलं," ती म्हणाली. "तू तिथे मेणबत्ती लावलीस?"

"मी? मी समई लावीन, मेणबत्ती कशाला लावू?" मावशीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "संचू, त्या नेविलला विचार. मी वायर सोडून मागे झाले, तेव्हा दारात तो उभा होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही चोरी मी नाही, त्याने केलीय."

४

कल्याणला स्टेशनजवळच्या एका गल्लीत नेविलचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. संचिताला पाहताच त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"ताई, मी तुमचा फोन उचलणारच होतो."

"कधी?"

"हिंमत झाली की."

तो तिशीचा, भल्या चेहऱ्याचा माणूस. डोळे जागरणाने सुजलेले. संचिताने स्टूल ओढलं आणि ती बसली. समोरचा माणूस गप्प असला की आपणही गप्प बसायचं, हे तिच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं हत्यार. ते लगेच चाललं.

"मी कॉपी केली," नेविल म्हणाला. "गेल्या आठवड्यात. मॅडमनी मना केलेलं. त्यांचं म्हणणं, हे एकदाच व्हायला पाहिजे, कॉपी असली की लोक मन लावून ऐकत नाहीत. आमचं त्यावरून भांडण पण झालेलं. पण ताई, त्यांनी ते सगळं इतक्या छोट्या बोर्डवर बसवलेलं... मला शिकायचं होतं. म्हटलं, त्या गेल्या, आता हे पण जाणार. म्हणून प्रोग्रॅम घेतला."

"आणि आवाज?" संचिताने लगेच विचारलं.

त्याने मान हलवली. "आवाजांना हात नाही लावला. शब्द दिलेला त्यांना. फक्त प्रोग्रॅम." आणि मग, अगदी हळू, "आता वाटतं, शब्द मोडायला पाहिजे होता."

रस्त्यावर एक रिक्षावाला दुसऱ्याला शिव्या देत होता. ते संपल्यावर संचिताने विचारलं,

"पुसलेलं परत येत नाही?"

"साधं पुसलेलं येतं. पण मॅडमनी पुसून त्याच्यावर शून्यं लिहायला लावलेली. काहीच नाही राहत." तो पुढे वाकला. "मला वाटलेलं माझ्याच कॉपीमुळे काहीतरी बिघडलं. म्हणून काल अंकलचा फोन आल्यावर गपचूप जाऊन बघून आलो. पण ऐका. पुढचा डबा कोणता, हे गव्हाच्या डब्यातल्या बोर्डला माहीत असतं. कुणी बाहेरून आवाज पुसले असते, तर तो आकडा परवाच्या डब्यावर अडकून राहिला असता. वायर काढली असती तरी तसंच. पण तो शेवटच्या डब्याच्या पण पुढे गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी काही केलं नाही. बोर्डनेच एकेक डबा पुढे नेला. रीतसर, नंबराने. त्याला वाटतंय वर्ष संपलं."

"घड्याळ चुकलं असेल."

"घड्याळ सेकंदाला बरोबर आहे. तसं पण तो घड्याळ सुरू होतानाच एकदा बघतो, मग आपलं आपण मोजत राहतो. मॅडमच्या घरी दोन वर्षं ट्रायल चाललेली, ताई. आवाज नव्हते, नुसती रोज चारला घंटी. एकदा चुकली नाही. डोंबिवलीत दोन वर्षं नीट चालतं, आणि ठाण्यात दोन महिने नाही?" त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "माणसाचं एक वेळ समजेल. मशीनला काय झालं इथे येऊन?"

संचिता उठली. दाराशी तिला काहीतरी आठवलं.

"परवा अंकल चर्चमध्ये कशाला गेले होते? रविवार तर नव्हता."

"परवा ना? ऑल सोल्स. आम्ही सगळे सिमेट्रीत जातो, कबरीवर मेणबत्त्या..." तो थांबला. "पण मेणबत्तीने असं होत नाही, ताई."

"नाही," संचिता म्हणाली. "पण मेणबत्ती लावणारं माणूस तिथे असतं."

५

थेल्मा हॉलच्या मागच्या पायरीवर कोलंबी सोलत होती. संचिता शेजारी बसली.

"आंटी, आईसाठी मेणबत्ती लावलीत. मी तुम्हाला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."

थेल्माचा हात थांबला. तिने आधी हॉलकडे पाहिलं. अंकल आत कुणावर तरी खेकसत होते.

"त्याला नको सांगू, बाय. आग लागली असती म्हणून ओरडेल." तिने हात पदराला पुसले. "मी सासूच्या, आईच्या, माझ्या लहान्याच्या, सगळ्यांच्या कबरीवर लावून आली. एक उरली. म्हटलं, विनिताबायला कबर नाय, तिला कोण लावणार? ती मला एकदा बोललेली, थेल्मा, या डब्यांत तूच जास्त येऊन बसशील. तर घरी आली आणि तिच्या डब्यावर लावली."

"मग?"

"चार वाजले. त्या दिवशीचा डबा बोलला. म्हणाला, दूध उतू जाईल, बघ. मी अशी हसली. आणि हसते तवर दुसरा बोलला. मग तिसरा. मग थांबलंच नाय, बाय. एकावर एक, एकावर एक, बाजार भरला. सगळीकडून तीच. इकडून हाक मारते, तिकडून हसते. दिवे पटापट जात होते. मी गुडघ्यावर बसली. मला वाटलं, मी मेणबत्ती लावली म्हणून ती आली."

"म्हणून कुणाला बोलला नाहीत."

"मी तिला उठवली आणि मग ती कायमची गेली, असं कसं सांगायचं तुला?"

संचिताने तिचा हात धरला. त्याला कोलंबीचा वास होता आणि तो थंडगार होता. ती ज्यासाठी आली होती तो प्रश्न तिने आता विचारला.

"शेवटी कोणता डबा बोलला, आंटी?"

"तो वरचा. लहान. बाकी सगळे गप झालेले, तो एकटाच राहिला. म्हणून तो नीट ऐकू आला."

"काय म्हणाला?"

थेल्माने डोळे मिटले. "पयलं काहीतरी नाव घेतलं, संचू का काय. मग म्हणाली... 'लाइट आली गं. ठेवते आता.' एवढंच. मी वर पंख्याकडे बघितलं. लाइट तर गेलीच नव्हती."

थेल्माने कोलंबी संपवली, टरफलं मांजराला घातली, पाण्याने पायरी धुतली. मग संचिता उठली आणि तिने नेविलला फोन लावला.

"तुझ्याकडे प्रोग्रॅम आहे ना? घेऊन ये. मशीनला इथे येऊन काय झालं ते मला कळलंय."

६

खोलीत पाच माणसं जमली. मावशीही आली होती. वायरपासून लांब, दाराशी खुर्ची टाकून बसली होती.

"कुणीच काही केलेलं नाही," संचिताने सुरुवात केली. तिच्या आवाजात विजय नव्हता. दिवसभराच्या पाहणीनंतर रिपोर्ट वाचावा तसं ती बोलत होती. "अंकलना खोली हवी होती. पण खोली हवी असणारा माणूस त्याच खोलीला इन्व्हर्टर बसवत नाही. मावशीने वायर धरली, पण ओढली असती तर डबे न बोलता विझले असते. नेविलने प्रोग्रॅम घेतला, पण त्याने आवाज पुसले असते तर तेही मुकाट्याने गेले असते. परवा मात्र प्रत्येक डबा बोलून, मग विझला. हे इथे हजर असलेल्या एका माणसाने ऐकलंय. कोणी, ते विचारू नका."

अंकलनी बायकोकडे पाहिलं. थेल्मा छताकडे पाहत होती.

"म्हणजे मशीनने आपलं काम नियमाने केलं. फक्त त्याला दिवस कळेना. नेविल, तो आपलं आपण मोजतो म्हणालास. कशाने?"

"आत एक काउंटर असतो. चालू झाल्यापासून किती वेळ गेला, सेकंदाचे बारीक तुकडे करून..." नेविल बोलता बोलता थबकला. त्याने लॅपटॉप उघडला, खाली-वर सरकवला, आणि एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "ओह."

"सांग सगळ्यांना."

"स्कूटरचा मीटर असतो ना, सगळे नऊ झाले की परत शून्यावर येतो? हा तसाच आहे. चालू झाल्यापासून साधारण पन्नास दिवसांनी भरतो. रोज चारला डबा बोलला की प्रोग्रॅम बघतो, मीटरवर आत्ता किती. त्यात एक दिवस मिळवला की उद्याचे चार. तेवढा आकडा दिसला की पुढचा डबा. गणपतीच्या संध्याकाळी सुरू झालेला मीटर परवा भरत आलेला. एक दिवस मिळवला तर बेरीज नवांच्या पलीकडे गेली, आणि उद्याचा आकडा झाला अगदी लहान. मीटर त्याच्या केव्हाच पुढे गेलेला."

"म्हणून त्याला वाटलं, उद्या होऊन गेला," संचिता म्हणाली. "डबा बोलला. परत त्याने उद्याचा हिशेब केला. तो उद्याही होऊन गेलेला. असे सगळे उद्या एका दुपारी संपले."

"पण बाई एवढी हुशार," मावशी म्हणाली. "दोन वर्षं तिच्या घरी चाललं की हे!"

"तुझ्याच तोंडून आलेलं आहे, मावशी. आठवड्यातून एकदा ती तुला फोन करायची. कधी?"

"शुक्रवारी. शुक्रवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाइट..." मावशीचा हात तोंडावर गेला.

"डोंबिवलीत शुक्रवारी सकाळी लाइट जाते. मी शाळेत होते तेव्हापासून. आपण गिरणीतलं दळण, इस्त्री, पाणी चढवणं, सगळं तो दिवस टाळून करतो. आईचं मशीनही दर शुक्रवारी बंद पडायचं, लाइट आली की घड्याळ बघून शून्यापासून मोजायला लागायचं. मीटर कधी भरलाच नाही. तिला ही चूक दिसणार कशी? ती मुंबईत राहत असती, तर पहिल्याच वर्षी सापडली असती. ती डोंबिवलीकर होती. शुक्रवार धरूनच जगली."

मग अंकलनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे माझा इन्व्हर्टर..."

"तुमचा इन्व्हर्टर उत्तम आहे, अंकल. एक सेकंद बंद पडला नाही."

मोठा धिप्पाड माणूस, पण तो खुर्चीवर असा बसला की थेल्मा उठून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"एका ओळीची चूक आहे, ताई," नेविल म्हणाला. "आता करून देतो. परत कधी..."

"नको. डबे रिकामे आहेत. ज्यांचे त्यांना परत देऊ या. नावं आहेतच."

शुक्रवारी संचिताने सुट्टी घेतली. आईच्या घरी, खिडकीजवळच्या ओट्यावर, तिने रव्याचा डबा ठेवला. सर्किट तिने काढलं नव्हतं.

सकाळी पंखा हळूहळू मंदावत थांबला. फ्रिज कण्हून गप्प झाला. खालच्या दुकानातलं मशीन बंद पडलं आणि इमारतभर अशी शांतता पसरली की कुणाच्या तरी घरातलं वरण उकळताना ऐकू आलं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आई दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही की तिला फोन करते. त्या शांततेत बसल्यावर तिला दिसलं की आठवड्यात शांत अशी हीच एक वेळ होती, आणि ती आईने दुसऱ्या कशासाठी वापरली नव्हती.

तिने फोन उचलला.

"काय गं?" मावशीने विचारलं. "खालीच आहे की मी. ये ना."

"नको. फोनवरच बोल."

"काय बोलू?"

"कटाची आमटी कशी करतेस ते सांग."

"मेली, तूसुद्धा!" मावशी म्हणाली, पण सांगायला लागली. कटाचं पाणी, गोडा मसाला, चिंच, मग आईला गूळ जास्त लागायचा त्यावरून एक भांडण, मग भांडणावरून एक जुनी पावसाळी सहल. बोलता बोलता वर पंखा हलला. फ्रिज सुरू झाला. खालचं मशीन कुरकुरलं.

"लाइट आली बघ," मावशी म्हणाली. "ठेवतेस?"

संचिताने डब्यावरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं.

"असू दे," ती म्हणाली. "तू बोल."